दुःखातल्या माणसाला कविता वाचून दाखवावी का?

शुक्रवारपेठ

मंडळी, एक विचारायचं होतं. 'आवडत्या कविता' धाग्यावर टाकलं असतं, पण तिथे लगेच यमकांची जत्रा भरते, म्हणून वेगळा धागा.

माझी आत्या इथेच सोलापुरात राहते. दिवाळीनंतर आतोबा गेले. आयुष्याचा पहिला भाग लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर एका सुताच्या दुकानात हिशेब लिहिणं. शांत माणूस. आत्या मयताच्या दिवशी रडली नाही, दहाव्याला नाही, अजूनही नाही. जेवते, पूजा करते, शेजारच्या पोरांना शेंगदाण्याचा लाडू देते. पण बोलत नाही.

भेटायला येणारी माणसं मात्र भरपूर बोलतात. "सुटले हो", "हातपाय चालते असताना गेले, भाग्य लागतं", "आता तुम्हीच खंबीर व्हायला पाहिजे". आत्या चहा ठेवते. एकदा तर समाचाराला आलेल्या बाईंनाच रडू आवरेना, आणि आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

मला वाटतंय तिला कविता वाचून दाखवाव्यात. शिक्षण जुन्या फायनलपर्यंत, म्हणजे सातवी, पाठांतर दांडगं. भाऊ म्हणतो हे तुझं पुस्तकी खूळ आहे, गरुडपुराण झालं, आता वाचायचीच तर गीता वाच. माझं म्हणणं एवढंच, की आलेले सगळे तिला काहीतरी सांगून गेले, ऐकून कुणीच घेतलं नाही. कविता ऐकून घेते असं मला वाटतं. हे उलटं वाटेल, कारण वाचणार मी आणि ऐकणार ती. नीट मांडता येत नाहीये, समजून घ्या.

कुणी असं कुणाला वाचून दाखवलंय का? काय वाचलंत?

---

यमकवीर

ज्याच्या शोकातून वाल्मीकींना श्लोक सुचला तो क्रौंच पक्षी कुणी आणायच्या आत मी आणतो. आणला. आता पुढे बोला.

---

निवृत्त मास्तर

यमकवीर, तुमच्यामुळे माझा एक परिच्छेद वाचला.

शुक्रवारपेठ, माझं मत विचाराल तर नामदेवांचे समाधीचे अभंग. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली ती १२९६ साली, आणि त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. त्यात निवृत्तीनाथांची अवस्था वाचा. थोरला भाऊ, शिवाय गुरू. ज्यानं ज्ञान दिलं तोच कोसळतो. बांधलेल्या तळ्याचा पाट फुटून पाणी बारा वाटांनी जावं, पेंढीचा आळा सुटून गवत रानोमाळ पांगावं, असं तिथे म्हटलंय. 'आत्मा अमर आहे, रडू नका' असं नामदेव निवृत्तीनाथांना ऐकवत नाहीत. निवृत्तीनाथांना ते ठाऊक नव्हतं थोडंच? ठाऊक असूनही पाट फुटतो, एवढंच लिहून ठेवलं. शिकवताना मला याचं मोल कळलं नाही, तेव्हा आम्ही 'रस कोणता' विचारून दोन गुण देत होतो.

दुसरं म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. 'परी' या संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच ऐकायला मिळतात, म्हणणाऱ्या बायांच्याच आवाजात. आई गेल्यावर माहेर कसं परकं होतं यावर त्यात केवढं तरी आहे. आत्याबाईंनी लहानपणी जातं ओढलं असेल तर तुम्ही वाचायची गरजच पडणार नाही, त्याच म्हणतील.

---

कडक भाकरी

माझं मत विरुद्ध आहे, आधीच सांगतो.

वडील गेले तेव्हा एका नातेवाइकांनी फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी एक कविता टाकायला सुरुवात केली. पिकलं पान. पैलतीर. दिवा आणि तेल. आयुष्य म्हणजे गाडी, ज्याचं स्टेशन आलं तो उतरला. प्रत्येक कविता गुलाबाच्या चित्रावर. सुतक फिटेपर्यंत आमच्या ग्रुपवर सोलापूर ते पुणे सगळी स्टेशनं होऊन गेली, अगदी केमसुद्धा. मी ग्रुप म्यूट केला तो आजपर्यंत.

आणि लक्षात कोण राहिलं? आमच्या गल्लीतले एक काका. आले, दारात चप्पल काढली, कुणाशी बोलले नाहीत, स्वयंपाकघरात जाऊन गॅसची टाकी बदलून दिली, गेले. आई अजून त्यांचं नाव काढते.

आत्या झोपते का, गोळ्या वेळेवर घेते का, पेन्शनच्या कागदावर सही झाली का, हे बघा. कविता कुठं पळून जात नाही.

---

शुक्रवारपेठ

कडक भाकरी, पेन्शनचं काम झालंय, झोपेचं माहीत नाही, विचारते. आणि तुम्ही म्हणता त्या स्टेशनच्या कविता आमच्याही ग्रुपवर आल्या. मला त्या वाचायच्या नाहीत. त्या ऐकून घेणाऱ्या नाहीत, त्याही समाचाराला आलेल्याच आहेत.

---

पूर्वभाग

आमच्या घरी तेलुगू. आई विड्या वळते, आजीही वळायची. कविता वगैरे शब्द घरात कुणी वापरला नसेल.

आजी वारली त्याच आठवड्यात आई परत सूप मांडीवर घेऊन बसली. कारखान्याला सुतक नसतं, माल द्यावाच लागतो, मजुरी हजार विड्यांमागे असते. भिजवलेलं पान घ्यायचं, पत्रा ठेवून कात्रीनं त्या मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हे हातानं चालू आणि तोंडानं आई आजीशी बोलायला लागली. बोलणं म्हणता येणार नाही, चाल होती त्याला. अम्मा, तू लावलेल्या शेवग्याला शेंगा आल्यात. अम्मा, तुझ्या कात्रीला धार कुणी लावायची. अम्मा, धाकट्याच्या लग्नात तू नेसणार होतीस ती साडी पेटीत आहे. प्रत्येक ओळ 'अम्मा'वर सुरू व्हायची आणि शेवटी आवाज खाली उतरायचा.

अंगणात अजून चार-पाच जणी वळत बसलेल्या. कुणी "रडू नको" म्हटलं नाही. हात कुणाचाच थांबला नाही. ओळ संपली की त्यातली एक जण नुसतं "ऊं" म्हणायची. गोष्ट ऐकताना पोरं म्हणतात तसं. आई पुढची ओळ घ्यायची. त्या "ऊं"शिवाय तिला पुढची ओळ सुचली असती असं मला वाटत नाही.

शुक्रवारपेठ, तुम्हाला मांडता येत नव्हतं ते हेच आहे का? नसेल तर सोडून द्या.

---

शुक्रवारपेठ

हेच आहे.

---

यमकवीर

पूर्वभाग, नेहमी नुसतं +१ करून जाता. असं लिहीत चला की राव.

---

सायकलवाला डॉक्टर

मी मनोविकारांचा डॉक्टर आहे, कविता मला फारशा कळत नाहीत. तीन गोष्टी, कारण या धाग्यावर आज ना उद्या त्या चुकीच्या स्वरूपात येणारच.

'शोकाच्या पाच पायऱ्या' सगळ्यांना पाठ असतात. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमानं चढायच्या असतात असा अर्थ नंतर चिकटला. आत्या रडल्या नाहीत म्हणजे त्या पहिल्या पायरीवर अडकल्या असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. काही माणसं रडत नाहीत, त्यांचं बरं चाललेलं असतं.

लिहिण्याबद्दल सांगायचं, तर पेनेबेकर आणि बीयल यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सर्वांत कठीण अनुभवावर लिहिलं. लिहिल्यावर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. यावरून 'लिहा आणि बरे व्हा' छाप पुस्तकांचं पीक आलं. मात्र स्ट्रोब पती-पत्नी आणि सहकाऱ्यांनी जोडीदार गमावलेल्यांवर असाच प्रयोग केला, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात लिहिणाऱ्यांना वेगळा फायदा झालेला दिसला नाही. तेव्हा कविता म्हणजे औषध असं मी म्हणणार नाही. गोडी लागली तर वाचा, डोस म्हणून नको.

आता कामाचं. महिने उलटले तरी माणूस रोज त्याच ओढीत पूर्ण बुडालेला आहे, कामधाम सुटलंय, जगण्यात अर्थ नाही असं बोलतोय, तर त्याला आता 'दीर्घकाळ टिकलेला शोक' असं निदानही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने, अमेरिकन वर्गीकरणात २०२२ पासून मोठ्यांसाठी एक वर्ष. तिथे कविता पुरत नाही, उपचार लागतात आणि ते आहेत.

---

प्रशासक

डॉक्टरांच्या प्रतिसादाला जोड: टेली-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवत आहे.

---

गैरहजर

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. वडील २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. कुणाला येता आलं नाही, समाचार फोनवर. त्यामुळे कडक भाकरींचा राग समजतो, पण मला तेव्हा कुणी 'सुटले' म्हणायला तरी दारात यावं असं वाटायचं.

वर्षभरानं हे लिहिलं. कुणाला दाखवलं नव्हतं.

बाबा गेल्यावर
त्यांच्या चष्म्याचा नंबर
घरात कुणालाच लागेना.
दुकानदार म्हणाला, फ्रेम चांगली आहे,
काच बदलून देतो.
मी म्हणालो, नको.
काच ठेवा. फ्रेम बदला.

---

यमकवीर

माझ्या नावाला न शोभणारी गोष्ट करतो. यमक नाही, तरी आवडली.

---

गड्ड्यावरचा

गैरहजर, वाईट मानू नका, पण ही कविता आहे की दुकानातलं बोलणं? ओळी तोडल्या म्हणून कविता होते का? आमच्या सोलापूरला शाहीर राम जोशी होऊन गेले, त्यांच्या रचनेतला अनुप्रास बघा, एकेक अक्षर कसं ठोकून बसवलंय. तुमचं दुःख खरं आहे, त्याबद्दल वाद नाही.

---

नवी पेठ ऑप्टिकल

तांत्रिक मुद्दा. जुनी काच नव्या फ्रेमला बसवता येते, पण नवी फ्रेम जुनीपेक्षा लहान असेल तरच. काच घासून लहान करता येते, मोठी करता येत नाही. शिवाय नव्या फ्रेममध्ये काचेचा मधला बिंदू डोळ्याच्या बाहुलीसमोरून सरकला तर डोकं दुखतं. गिऱ्हाईकांना हे समजावताना जीव जातो.

---

गैरहजर

ऑप्टिकलवाले, लहानच घेतली होती फ्रेम. घालायची नव्हती, कपाटात ठेवायची होती.

गड्ड्यावरचा, कविता नसेलही. दुकानातलं बोलणंच होतं, शब्द न् शब्द. त्या माणसानं "बरं" म्हटलं आणि मापाची पट्टी घेतली. का म्हणून विचारलं नाही. त्यानं न विचारल्यामुळे मला लिहावंसं वाटलं.

---

नवी पेठ ऑप्टिकल

आमच्याकडे येतात असे लोक. आम्ही विचारत नाही.

---

गड्ड्यावरचा

बरं. अनुप्रासाचा आग्रह मागे घेत नाही, पण वाद थांबवतो.

---

किल्ल्याजवळ

मोहरममध्ये सोलापुरात पंजे बसतात, मिरवणुका निघतात, हे सगळ्यांना माहीत. त्याच दिवसांत मर्सिया आणि नौहे ही शोककाव्यं म्हटली जातात, ते बाहेर फार माहीत नसतं. करबलाची लढाई, जिच्यात इमाम हुसेन मारले गेले, घडली इ.स. ६८० मध्ये, आणि आजही माणसं एकत्र बसून, ठरलेल्या दिवशी, त्यावर रडतात. मर्सियाचं नाव निघालं की लोक लखनौच्या मीर अनीस आणि मिर्झा दबीर यांच्यावर थांबतात, पण त्यांच्या कितीतरी आधी दख्खनीत मर्सिया लिहिले जात होते, विजापूर आणि गोवळकोंड्याच्या काळात. विजापूर आमच्या दाराशी, आणि सोलापूरचा किल्ला कधी आदिलशाहीत कधी निजामशाहीत, त्यामुळे ही आमच्या बोलीतलीच चीज.

मजलिसमध्ये, म्हणजे या शोकसभेत, एक गोष्ट मला लहानपणापासून दिसते. करबलासाठी रडायला बसलेली माणसं स्वतःच्या मेलेल्यांसाठीही रडून घेतात. माझी खाला (मावशी) तिच्या मुलासाठी घरी कधी रडली नाही, तिथे रडायची. कुणी विचारत नाही, तू नक्की कुणासाठी रडतेस. इमामांच्या मुलाचं वर्णन चालू असतं, त्यात तिचा मुलगा मावतो.

म्हणून शुक्रवारपेठ, एक सुचवू? आत्याला नवरा गेल्याची कविता वाचू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी दुःखाची वाचा. आपलं नाव नसलेल्या ठिकाणी माणूस मोकळा होतो.

---

निवृत्त मास्तर

किल्ल्याजवळ, हे वर्गात शिकवायला मिळालं असतं तर रसाचा प्रश्न मी काढून टाकला असता.

---

होटगी रोड

आमच्याकडे उलटा अनुभव. घरी कन्नड, लिंगायत. सिद्धरामेश्वरांची वचनं, बसवण्णांची वचनं लहानपणापासून कानावर. शरणांचं, म्हणजे आमच्या संतांचं, एक म्हणणं मयताच्या घरी हटकून निघतं, 'मरणवे महानवमी'. मरण म्हणजे महानवमीचा सण. वाक्य मोठंच आहे, ज्यांनी ते म्हटलं त्यांनी ते जगून दाखवलं. पण माझा भाऊ तिशीत गेला तेव्हा भजनी मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी ते वाक्य आईला तीनदा ऐकवलं, आणि आईचं उघडलेलं तोंड मिटलं. ते नंतर बरेच दिवस मिटलेलंच.

म्हणून 'कविता ऐकून घेते' हे सरसकट मान्य नाही. थोर कविताही तोंड दाबायला वापरता येते. कोण म्हणतंय, कधी म्हणतंय यावर आहे.

---

कडक भाकरी

होटगी रोड, हेच म्हणूलालो की मी. मला कुणी ऐकूनच घेईना इथं.

---

पूर्वभाग

ऊं.

---

यमकवीर

😂😂 पूर्वभाग, जिंकलात.

---

भीमाकाठ

मी मंगळवेढ्याचा. धाग्याचं नाव वाचून चोखोबा कसे कुणाला आठवले नाहीत याचं नवल वाटलं. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि त्याखाली चोखामेळा आणि बाकीचे मजूर गाडले गेले. सन १३३८ सांगतात. नामदेव पंढरपुराहून आले. ढिगाऱ्यात सगळ्यांचीच हाडं, ओळखायची कशी? तर परंपरा सांगते, नामदेवांनी एकेका हाडाला कान लावला, आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची. त्या अस्थी पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली. दुःख ऐकणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असणार?

---

वेशीबाहेर

भीमाकाठ, कथा सुंदर आहे. सुंदर आहे म्हणूनच मला ती टोचते. कान लावला तो हाडांना. जिवंतपणी त्यांना देवळाच्या आत घेतलं नाही, समाधी बाहेरच झाली. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा पंढरपूरचं दार उघडलं. म्हणजे सहाशे वर्षं. चोखोबांनी विटाळावर, जातीवर जे विचारलं ते अभंगात स्पष्ट आहे. ते लोकांनी गायलं, टाळ वाजवले, डोळे पुसले, आणि प्रश्न तिथेच ठेवला.

कविता ऐकून गहिवरणं म्हणजे ऐकणं नव्हे, एवढंच माझं म्हणणं.

---

भीमाकाठ

मान्य. पण बाकीच्या मजुरांचं काय झालं हे मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं, त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या हाडांना कुणी कान लावला ते कथेत येत नाही.

---

वेशीबाहेर

हे मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

---

सायकलवाला डॉक्टर

वेशीबाहेर यांचा मुद्दा माझ्या धंद्यालाही लागू. काही दुःखांना समुपदेशक लागत नाही, थकलेली मजुरी लागते. गोळी लिहून देताना हे कळत असतं आणि करता काही येत नाही.

---

गड्ड्यावरचा

विषयांतर: पंढरपूर-मंगळवेढा रस्त्याचं काम झालं का? माघीला जायचं आहे.

---

भीमाकाठ

रस्ता चांगला आहे आता. निघताना आमच्याकडची ज्वारी घेऊन जा. मालदांडी.

---

कडक भाकरी

ज्वारीवर धागा नेऊ नका, मग मी थांबणार नाही.

---

शुक्रवारपेठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. रविवारी आत्याकडे गेले होते, काय झालं ते लिहिते.

दुपारी ती शेंगा फोडत बसली होती. मी म्हटलं, काही वाचू का? म्हणाली, "वाच. पण माझ्याकडं बघत वाचू नको." हे मला आधी सुचायला हवं होतं असं कुणी म्हणेल, पण या धाग्यावरही कुणी सांगितलं नाही! मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि वाचलं.

मास्तरांनी सांगितलेले समाधीचे अभंग वाचले. मी एक शब्द वेगळा वाचला तर तिनं मागून दुरुस्त केला. तिच्या आईच्या तोंडी तसाच होता म्हणे. बाकी काही नाही, शेंगा फुटण्याचा आवाज. मग किल्ल्याजवळ यांचं ऐकून एक अगदीच वेगळी कविता वाचली, बाजाराच्या दिवसाची, त्यात मरणाचा संबंध नाही. एक माणूस बाजारात वस्तूंचे भाव विचारत फिरतो आणि काहीच न घेता घरी येतो. त्यावर आत्या हसली. म्हणाली, हे म्हणजे ह्यांचंच वर्णन झालं.

आणि उठून फडताळातून आतोबांच्या घरखर्चाच्या वह्या काढल्या. लाल बांधणीच्या, वर 'श्री'. दूध, भाजी, रॉकेल, शाळेची फी, सगळं एका सुरेख हातातलं. दर चार-पाच दिवसांनी एक नोंद, 'किरकोळ'. किरकोळ ४ रुपये, किरकोळ ६ रुपये. आत्या म्हणाली, हे किरकोळ म्हणजे भजी आणि पान. दुकानाचा हिशेब पैशापैशानं जुळवणारा माणूस घरच्या वहीत मला फसवायचा, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मग कुठल्या गाड्यावरची भजी, पावसात एकदा तिच्यासाठी पुडी आणली ती शर्टाच्या आत कशी लपवली, दिवेलागणीपर्यंत हेच. मी मध्ये काही बोलले नाही. पूर्वभाग, एकदा-दोनदा "ऊं" म्हटलं, मुद्दाम नाही, आपसूक.

रडली नाही. डॉक्टर म्हणाले तसं, नसेल रडायचं. पुढच्या रविवारी ये म्हणाली आहे. भाऊ म्हणतो गीता राहिलीच.

---

किल्ल्याजवळ

शर्टाच्या आत गरम भजी. पोळलं असेल माणसाला.

---

निवृत्त मास्तर

शब्द कोणता दुरुस्त केला ते सांगा. छापील गाथांमध्ये पाठभेद आहेत, आणि तोंडी परंपरेतला पाठ नोंदवून ठेवायला हवा. आत्याबाईंच्या मातोश्री कुठल्या गावच्या?

---

शुक्रवारपेठ

मास्तर, बार्शीकडच्या. शब्द पुढच्या खेपेला नीट विचारून लिहिते.

---

गड्ड्यावरचा

आता त्या वहीला कविता म्हणू नका म्हणजे झालं. कुणीतरी म्हणणार, मला अंदाज आहे.

---

यमकवीर

मी टाइप करत होतो. खोडलं.

---

होटगी रोड

वही जपून ठेवा एवढंच म्हणतो. भावाचं अक्षर आमच्याकडे कशावरच राहिलं नाही, सगळं मोबाइलमध्ये होतं आणि त्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता.

---

बाळे स्टेशन

उशिरा आलो, धागा आत्ता वाचून काढला. (माझ्या नावात स्टेशन आहे, कडक भाकरींनी राग मानू नये.) अडचण अशी, की सासूबाई गेल्यापासून सासरे एकटे बसून असतात, आणि त्यांना ऐकू कमी येतं. मोठ्यानं कविता वाचली तर वाड्यातली सगळी गोळा होतात. काय करावं?

---

निवृत्त मास्तर

नवी कविता नको, पाठ असलेलं घ्या. अभंग, हरिपाठ, शाळेतल्या जुन्या कविता. पाठ असलेलं अर्धं ऐकू आलं तरी उरलेलं त्यांचं ते भरून काढतात. मुक्तछंदात ही सोय नाही, एक शब्द निसटला की ओळ गेली. आणि ओरडू नका, सावकाश वाचा. ओरडल्यानं अक्षरं फाटतात.

---

पूर्वभाग

किंवा त्यांनाच म्हणायला लावा आणि तुम्ही बसा. ऐकू तुम्हाला येतंय ना?

---

सायकलवाला डॉक्टर

ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. कानाचं मशीन आहे का?

---

बाळे स्टेशन

उजवा कान बरा आहे. मशीन आहे, डबीतच असतं, शिट्टी मारतं म्हणतात. पूर्वभाग, तुमचं करून बघतो, त्यांना लावण्या पाठ आहेत पण. चालेल का?

---

गड्ड्यावरचा

चालेल काय, पळेल! राम जोशींची असेल तर इथं लिहून काढा.